‘यहुदा’ म्हणण्यापूर्वी



युरोपातल्या फुटबॉलच्या मैदानांवर एक शिवी वारंवार ऐकू येते. ती शिवी म्हणजे आपल्या शुभवर्तमानातले एक नाव आहे. एखादा खेळाडू आपला क्लब सोडून प्रतिस्पर्धी क्लबकडे गेला, की जुने चाहते त्याला ‘यहुदा’ म्हणतात. १९८९ साली ग्लासगो शहरात मो जॉन्स्टनला हे नाव मिळाले. २००० साली बार्सिलोना सोडून रेआल माद्रिदला गेलेल्या लुईस फिगोला ते मिळाले. २००१ साली टॉटनहॅम सोडून शेजारच्याच आर्सेनलमध्ये गेलेल्या सोल कॅम्पबेललाही तेच मिळाले. फिगो नव्या संघाकडून बार्सिलोनाच्या मैदानावर खेळायला आला, तेव्हा २००२ च्या नोव्हेंबरात प्रेक्षकांमधून बाटल्या आणि चक्क डुकराचे एक मुंडके मैदानाच्या कडेला येऊन पडले. खेळ काही वेळ थांबवावा लागला.

हे सारे दूरदेशीचे आहे, असे म्हणून सोडून देता येत नाही. आपल्या धर्मग्रामातल्या कितीतरी मुलांच्या अंगात याच क्लबच्या जर्सी असतात. शनिवारी रात्री उशिरापर्यंत ती टीव्हीसमोर बसतात आणि रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात याच विषयावर तावातावाने बोलतात. अमक्याने पैशासाठी क्लब सोडला, तमक्या मॅनेजरला हाकलला पाहिजे, अशी वाक्ये आपण सर्वांनी ऐकली आहेत. ज्या वडीलधाऱ्यांना फुटबॉलमध्ये काडीचाही रस नाही, त्यांनीही पान उलटू नये. प्रश्न चेंडूचा नाही, निष्ठेचा आहे. कुणी कुणाशी एकनिष्ठ राहायचे, ते का, आणि निष्ठा मोडली असे केव्हा म्हणायचे? हा प्रश्न घरात, नोकरीत, गावात, चर्चमध्ये, सगळीकडे आहे. फुटबॉलमध्ये तो जरा मोठ्या आवाजात विचारला जातो, इतकेच.

क्लब म्हणजे दुकान नव्हे

प्रथम चाहत्याची बाजू नीट समजून घेऊ. आपण साबण बदलतो, मोबाइलची कंपनी बदलतो, त्याचे कुणाला काही वाटत नाही. पण लिव्हरपूलचा चाहता संघ हरू लागला म्हणून पुढच्या वर्षी दुसरा संघ धरीत नाही. धरला तर त्याचेच मित्र त्याला हसतील. क्लब हा त्याने निवडलेला माल नाही. तो बहुधा त्याला बापाकडून मिळालेला असतो, आडनावासारखा.

यामागे इतिहास आहे. इंग्लंडमधले कित्येक क्लब चर्चच्या आवारातच जन्मले. लिव्हरपूल शहरातला एव्हर्टन हा क्लब १८७८ साली सेंट डोमिंगो या मेथडिस्ट चर्चच्या मुलांनी सुरू केला. मँचेस्टर सिटीचे मूळ १८८० च्या सुमाराच्या सेंट मार्क या अँग्लिकन चर्चच्या संघात आहे. आपल्या कॅथलिक समाजापुरते बोलायचे तर ग्लासगोचा सेल्टिक क्लब. आयर्लंडमधून पोट भरायला आलेल्या कॅथलिक कुटुंबांची त्या शहरात अन्नान्न दशा होती. ब्रदर वॉल्फ्रिड या मारिस्ट बंधूंनी नोव्हेंबर १८८७ मध्ये सेंट मेरी चर्चच्या सभागृहात बैठक बोलावली आणि क्लब काढायचे ठरले. हेतू काय, तर सामन्यांच्या तिकिटांतून पैसे जमवून गरीब मुलांना जेवण द्यायचे. अर्जेंटिनात ब्यूनोस आयरेस शहरात १९०८ साली असेच घडले. रस्त्यावर ट्रामच्या धोक्यात खेळणाऱ्या मुलांना फादर लोरेन्झो मास्सा या सालेशियन धर्मगुरूंनी आपल्या आवारात जागा दिली. अट एकच, रविवारी मिस्साला यायचे. त्यातून सान लोरेन्झो क्लब उभा राहिला. पोप फ्रान्सिस २०२५ साली स्वर्गवासी झाले, तोपर्यंत ते या क्लबचे सभासद होते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला ग्रीकांचा एक जुना प्रश्न घालीत. होडीची एकेक फळी कुजली, तशी बदलत गेलो. शेवटी एकही जुनी फळी उरली नाही, तर होडी तीच का? आपल्या कोळी बांधवांना या प्रश्नाचे हसू येईल, कारण त्यांच्यासाठी होडी तीच असते. क्लबचेही असेच आहे. खेळाडू बदलतात, मॅनेजर बदलतात, मालक बदलतात, कधी मैदानही बदलते. मग टिकते काय? टिकतात ती माणसे, जी बापाचे बोट धरून मैदानात गेली आणि पुढे आपल्या मुलाचे बोट धरून गेली. म्हणजे क्लबमधली सर्वांत टिकाऊ फळी चाहताच आहे. म्हणून एखादा आवडता खेळाडू निघून गेला, की त्याला खरोखर दुःख होते. हे दुःख खोटे किंवा बालिश नाही. पण दुःख खरे असले, म्हणून त्यातून काढलेला निष्कर्ष खरा ठरत नाही.

खाल्ले मीठ कोणाचे?

चाहता म्हणतो, “हा खाल्ल्या मिठाला जागला नाही.” हा आरोप तपासून पाहू.

जुन्या लोकांचे एक म्हणणे असे, की पूर्वीचे खेळाडू बघा, एकाच क्लबमध्ये जन्म काढत. आता सगळे पैशाच्या मागे. इंग्लंडपुरते सत्य असे आहे, की पूर्वी त्यांना जाताच येत नसे. करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबच्या हातात राही. क्लब त्याला नवा करार देवो वा न देवो, परवानगीशिवाय त्याला दुसरीकडे खेळता येत नसे. पगारावरही मर्यादा होती. १९६१ साली ती रद्द झाली, तेव्हा ती आठवड्याला २० पौंड होती. जॉर्ज ईस्टहॅम नावाच्या खेळाडूला न्यूकॅसल सोडायचे होते, क्लब सोडेना. त्याने खेळणे थांबवून दुसरी नोकरी धरली. शेवटी १९६० साली त्याला आर्सेनलमध्ये जाऊ दिले आणि १९६३ साली न्यायालयाने निर्वाळा दिला, की माणसाला असे अडकवून ठेवणे अन्याय्य आहे.

युरोपात हा प्रश्न आणखी तीस वर्षे रेंगाळला. बेल्जियमचा जाँ-मार्क बोस्मन हा काही मोठा खेळाडू नव्हता. १९९० साली त्याचा लिएज क्लबशी करार संपला. त्याला फ्रान्समधल्या डंकर्क क्लबकडे जायचे होते. पण जुन्या क्लबने त्याच्या बदल्यात पैसे मागितले आणि व्यवहार फिसकटला. तो न्यायालयात गेला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने ठरवले, की करार संपलेल्या खेळाडूला युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात जाताना त्याची किंमत मागता येणार नाही. या निकालावर पुढे अनेक खेळाडू कोट्यधीश झाले. स्वतः बोस्मनची मात्र उमेदीची वर्षे खटल्यात गेली आणि पुढे त्याची आर्थिक ओढाताण झाली. सोल कॅम्पबेल टॉटनहॅमचा करार संपवून गेला, तो याच न्यायाने.

आता सांगा, बांधून ठेवलेल्या माणसाच्या एका जागी राहण्याला निष्ठा म्हणायचे का? दावणीचा बैल गोठा सोडत नाही, म्हणून आपण त्याला एकनिष्ठ म्हणत नाही. सोडून जाण्याची मोकळीक असूनही जो राहतो, तोच एकनिष्ठ. आज एखादा खेळाडू पंधरा वर्षे एकाच क्लबमध्ये राहिला, तर त्याचे कौतुक अधिक आहे ते याचसाठी. पण कौतुकास्पद गोष्ट वेगळी आणि देणे वेगळे. कुणी मला भेट दिली, तर मी आभार मानीन. दिली नाही, तर त्याला चोर म्हणता येत नाही.

मिठाचाच हिशेब करायचा, तर तो दोन्ही बाजूंनी करावा. इकर कासियास नऊ वर्षांचा असताना रेआल माद्रिदमध्ये आला आणि २५ वर्षे राहिला. गोलरक्षक म्हणून त्याने क्लबला जवळजवळ सगळे काही जिंकून दिले. शेवटच्या काही मोसमांत त्याच मैदानात त्याच्यावर शिट्ट्या वाजल्या. जुलै २०१५ मध्ये तो पोर्तो क्लबकडे निघाला, तेव्हा पत्रकारांसमोर निरोप घ्यायला तो एकटाच बसला होता, आणि बोलता बोलता रडला. इथे मिठाला कोणी जागायला हवे होते? क्लब खेळाडूला विकतो, तेव्हा आपण त्याला व्यवहार म्हणतो. खेळाडू क्लब सोडतो, तेव्हा तो विश्वासघात होतो. हे माप खरे नाही. कामकऱ्याला त्याची मजुरी मिळाली पाहिजे, असे प्रभू येशूने शिष्यांना पाठवताना सांगितले. मजुरी मोठी झाली म्हणून माणूस मजूर राहत नाही, असे नाही. एवढे पैसे खेळात असावेत का, हा प्रश्न योग्य आहे. पण तो प्रश्न ते पैसे ज्यांनी आणले त्यांनाही विचारायला हवा. २०१७ साली नेमारसाठी २२ कोटी २० लाख युरो मोजले गेले. ती रक्कम मोजणारे हात खेळाडूचे नव्हते.

मग सोडून जाणाऱ्याचे कधीच काही चुकत नाही का? चुकते. मो जॉन्स्टन हा कॅथलिक, सेल्टिकचा जुना खेळाडू. मे १९८९ मध्ये तो सेल्टिकची जर्सी घालून पत्रकारांसमोर उभा राहिला आणि आपण परत येत आहोत, असे सांगितले. जुलैमध्ये त्याने सही केली ती रेंजर्सकडे, शहरातल्या प्रोटेस्टंटांच्या क्लबकडे. त्या क्लबमध्ये कित्येक दशके कॅथलिक खेळाडूला उघडपणे घेत नसत. दोन्हीकडचे चाहते खवळले. रेंजर्सच्या काही चाहत्यांनी कॅथलिक घेतला म्हणून आपले मफलर जाळले. सेल्टिकच्या चाहत्यांनी ‘आपला’ माणूस ‘त्यांच्या’कडे गेला म्हणून त्याला यहुदा म्हटले. या सगळ्या आरडाओरड्यात खरा नैतिक प्रश्न हरवला. तो एवढाच होता: दिलेल्या शब्दाचे काय? शब्द दिला आणि मोडला, तर दोष आहे, मग क्लब कोणताही असो. शब्द दिलाच नसेल, तर करार संपल्यावर निघून जाणे हा दोष नाही, मग क्लब कोणताही असो.

आणि मूळ यहुदाचे पाप तरी काय होते? तो गट सोडून गेला, एवढेच नाही. शिष्यांपैकी पुष्कळ जण येशूला सोडून गेल्याचे योहानाच्या शुभवर्तमानात आहे. त्यांना कुणी यहुदा म्हणत नाही. यहुदाने एका ताटात जेवणाऱ्या मित्राला, मुका घेऊन, मरणाच्या हाती दिले. एवढ्या भयंकर गोष्टीचे नाव आपण नोकरी बदलणाऱ्याला देतो, तेव्हा त्या माणसावर अन्याय होतोच. शिवाय शब्दाची धारही जाते. उद्या खरा विश्वासघात समोर आला, तर त्याला देण्यासाठी आपल्याकडे शब्द उरत नाही.

बळीचा बकरा

आता मॅनेजर. क्रिकेटमध्ये कप्तानाला जे महत्त्व, त्याहून अधिक महत्त्व तिकडे मॅनेजरला असते. संघ तो निवडतो, डावपेच तो आखतो, आणि संघ हरला की नारळही त्यालाच मिळतो. क्लौदियो रानिएरीने लेस्टर सिटी या लहान क्लबला मे २०१६ मध्ये इंग्लंडची लीग जिंकून दिली. मोसमाच्या सुरुवातीला सट्टेवाल्यांचा भाव एकास पाच हजार होता, इतके ते अशक्य मानले जात होते. नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, त्याच रानिएरीला काढून टाकले.

लेवीयच्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात एका विधीचे वर्णन आहे. साऱ्या लोकांचे अपराध एका बकऱ्याच्या डोक्यावर ठेवून त्याला रानात सोडून देत. तो बकरा कुणी अपराधी म्हणून निवडलेला नसे. त्याच्यावर चिठ्ठी पडलेली असे. मॅनेजरला काढणे पुष्कळदा असेच असते. चुकीचे खेळाडू विकत घेणारे कारभारी, मन लावून न खेळणारे खेळाडू, धीर सोडणारे प्रेक्षक, सगळ्यांचे ओझे एका माणसाच्या डोक्यावर जाते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच.

“पण नवा मॅनेजर आला की संघ जिंकू लागतो ना?” असे मुले विचारतात. कधी कधी जिंकतोही. पण एक विचार करा. ताप चौथ्या दिवशी बहुधा उतरायचाच असतो. तिसऱ्या दिवशी जो डॉक्टर बदलला, त्याला श्रेय मिळते. मॅनेजरलाही संघ अगदी तळाला गेला असतानाच काढतात. तळाला गेलेल्याला वर येण्याखेरीज फारशी वाट नसते.

अलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेडला आला. तीन वर्षे काही जिंकले नाही. १९८९ च्या अखेरीस, आता पुरे, निघ, अशा अर्थाचा फलक मैदानात झळकला. मे १९९० मध्ये पहिला चषक मिळाला. २०१३ साली निवृत्त होईपर्यंत त्याने १३ वेळा लीग जिंकून दिली. एका फर्ग्युसनवरून नियम काढू नये, हे मला मान्य आहे. ज्यांना थांबू दिले आणि ज्यांच्या हातून काही झाले नाही, असेही अनेक आहेत. माझे म्हणणे इतकेच, की एखाद्याचे काम तपासणे वेगळे आणि आपल्या रागाला कुणी तरी हवा म्हणून त्याला पुढे ढकलणे वेगळे. पहिल्यात विचार आहे, दुसऱ्यात फक्त सुटका आहे. आम्हां धर्मगुरूंचीही दर काही वर्षांनी बदली होते. ‘आधीचे फादर बरे होते’ हे वाक्य आम्ही प्रत्येक धर्मग्रामात ऐकतो, आणि आपण गेल्यावर तेच वाक्य आपल्याविषयीही बोलले जाईल, या आशेवर राहतो. तेव्हा मॅनेजर मंडळींविषयी मला थोडी सहानुभूती आहे, हे लपवीत नाही.

गर्दीत शिरलेला अलिपियस

संत थॉमस अक्वायनस खेळाला पाप मानीत नाहीत. शरीराला जशी विश्रांती, तसा मनाला खेळ लागतो; ताणलेले धनुष्य सदैव ताणलेलेच ठेवले तर मोडते, असे ते सांगतात. पण संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाच्या सहाव्या भागात एका मित्राची गोष्ट सांगितली आहे, ती प्रत्येक चाहत्याने ऐकावी. अलिपियस हा सज्जन तरुण रोममध्ये कायदा शिकत होता. तिथे माणसे एकमेकांना ठार करीपर्यंत लढत आणि लोक ते मजेने पाहत. त्याला त्याची किळस होती. मित्रांनी ओढून नेले, तेव्हा तो म्हणाला, शरीराने येईन, डोळे मात्र मिटून बसेन. बसलाही तसाच. तेवढ्यात एक लढवय्या पडला आणि साऱ्या गर्दीने एकच आरोळी ठोकली. अलिपियसने काय झाले ते पाहायला डोळे उघडले, आणि त्या क्षणापासून तो गर्दीचाच एक झाला. पुढे तो स्वतः इतरांना ओढून नेऊ लागला. हा माणूस पुढे सावरला आणि बिशप झाला, हे सांगायला हवे. पण त्या दिवशी तो हरला, तो डोळ्यांनी नव्हे, कानांनी.

गर्दीत एकट्याची लाज निघून जाते. घरी शेजाऱ्याला जे आपण कधी बोलणार नाही, ते मैदानात दहा हजारांसोबत सहज बोलतो. ग्लासगोमध्ये याच वाटेने खेळात धर्म शिरला. सेल्टिकचा माणूस म्हणजे कॅथलिक, रेंजर्सचा म्हणजे प्रोटेस्टंट, आणि गाणी एकमेकांच्या धर्माची टिंगल करणारी. यात प्रभूचे काय उरले? धर्म हा फक्त मफलरचा रंग झाला. सेल्टिकला १९६७ साली युरोपचा चषक जिंकून देणारा मॅनेजर जॉक स्टीन स्वतः प्रोटेस्टंट होता, हे ती गाणी गाणारे विसरतात.

निष्ठेला शत्रू लागतोच असे नाही. याचेही उदाहरण याच खेळात आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्ड शहरात हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचे चाहते गर्दीत चेंगरले. मृतांची संख्या पुढे ९७ झाली. लिव्हरपूलचा मॅनेजर केनी डॅल्ग्लिश अंत्यविधीमागून अंत्यविधीला गेला, एका दिवशी तर चार. त्याच शहरातला प्रतिस्पर्धी क्लब म्हणजे एव्हर्टन. दोन्ही क्लबच्या तेव्हाच्या मैदानांच्या मधे स्टॅन्ली पार्क ही मोठी बाग होती. त्या आठवड्यात लोकांनी दोन्ही क्लबचे निळे आणि लाल मफलर एकमेकांना बांधत बागेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माळ नेली. दोष चाहत्यांवर ढकलण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा कुटुंबांनी माघार घेतली नाही. २७ वर्षांनी, २०१६ साली, ज्यूरीने निर्वाळा दिला की ते मृत्यू बेकायदा होते आणि चाहत्यांचा दोष नव्हता. मेलेल्यांसाठी सत्य मागत इतकी वर्षे उभे राहणे, याला मी निष्ठा म्हणतो.

मग विश्वासघात कोणी केला?

खेळाडू नोकरी बदलतो. मॅनेजर बकरा ठरतो. मग क्लबचा विश्वासघात कोणी करूच शकत नाही का? करू शकतो. ज्याच्या हाती ठेव सोपवली आहे, तोच ठेव बुडवू शकतो.

लंडनमधल्या विम्बल्डन क्लबच्या मालकांनी तो क्लब उचलून सुमारे ९० किलोमीटर दूर मिल्टन कीन्स शहरात न्यायचे ठरवले. मे २००२ मध्ये त्याला परवानगी मिळाली आणि पुढच्या वर्षी क्लब गेला. नाव, खेळाडू, लीगमधली जागा, सगळे गेले; राहिले ते चाहते. त्यांनी काय केले? दगड मारले नाहीत. २००२ च्याच उन्हाळ्यात त्यांनी जवळच्या माळावर खेळाडूंची निवड चाचणी घेतली, ए. एफ. सी. विम्बल्डन नावाचा क्लब काढला आणि लीगच्या उतरंडीत नवव्या पायरीपासून सुरुवात केली. २०११ साली ते वरच्या चार पायऱ्यांत पोहोचले. २०२० साली ते आपल्या जुन्या प्लाऊ लेन भागात, नव्या मैदानावर, परत आले. होडीची कोणती फळी टिकाऊ, या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर मला माहीत नाही.

दुसरे उदाहरण १८ एप्रिल २०२१ चे. युरोपातल्या बारा श्रीमंत क्लबच्या कारभाऱ्यांनी आपली वेगळी ‘सुपर लीग’ जाहीर केली. तीत संस्थापक क्लबांना हरले तरी खाली जाण्याची भीती नव्हती. म्हणजे स्पर्धेतली जोखीम गेली, उत्पन्न मात्र पक्के. इंग्लंडमध्ये चाहते रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत तिथल्या सहाही क्लबांनी माघार घेतली. आता त्या बारांची यादी वाचा. तीत टॉटनहॅम होता आणि आर्सेनलही होता. बार्सिलोना होता आणि रेआल माद्रिदही होता. ज्या दोन क्लबच्या मधल्या सीमेसाठी फिगोच्या दिशेने डुकराचे मुंडके फेकले गेले, त्याच दोघांचे कारभारी एका कागदावर एकत्र आले होते. खालचे लोक एकमेकांचे वैरी, आणि वरचे भागीदार! खाल्ल्या मिठाला जागायचे, तर ते इथे जागायला हवे होते. कारण मीठ चाहत्याचे होते. पिढ्यान्‌पिढ्या पावसात उभे राहून तिकिटे काढणाऱ्याचे होते.

निष्ठा कशाने ओळखावी?

तरुण मित्रांनो, क्लबवर प्रेम करू नका, असे मी सांगणार नाही. ज्याला लहान गोष्टीवर चिवटपणे प्रेम करता येते, त्याला मोठ्या गोष्टीवरही करता येण्याची शक्यता अधिक. हरणाऱ्या संघाबरोबर वर्षानुवर्षे राहणे ही धीराची चांगली शाळा आहे. फक्त तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

एक, निष्ठेची शपथ तुम्ही घेतली आहे. तुमच्या शपथेने दुसरा बांधला जात नाही. खेळाडूकडून प्रामाणिक खेळ आणि दिलेला शब्द एवढे मागायचा तुम्हांला हक्क आहे. त्याहून अधिक त्याने दिले, तर ती भेट समजा.

दोन, राग आला की तो योग्य पत्त्यावर पाठवा. जवळ दिसतो तो मैदानातला माणूस. पण ठेव बहुधा दुसऱ्याच कुणाच्या हाती असते. फुटबॉलमध्ये हे खरे आहे, तसेच गावच्या आणि संस्थांच्या कारभारातही खरे आहे.

तीन, आपल्या धर्मग्रामाच्या स्पर्धेत पुढच्या वेळी शेजारच्या धर्मग्रामाचा संघ येईल, किंवा आपलाच एखादा मुलगा त्यांच्या संघातून खेळेल, तेव्हा तोंडातून काय निघते ते स्वतःच ऐका. अलिपियस कानांनी हरला होता. आपण तोंडाने हरू नये.

ब्रदर वॉल्फ्रिड यांची १८९२ साली लंडनला बदली झाली. १८९७ साली सेल्टिक ही एक मर्यादित कंपनी झाली आणि मुलांच्या जेवणाचा मूळ हेतू मागे पडत गेला. क्लब मोठा झाला, चषक आले, गाणी आली, वैरही आले. पण एका चर्चच्या सभागृहात पहिल्या दिवशी जमलेल्या लोकांपुढे प्रश्न अगदी साधा होता: या खेळातून किती मुले जेवतील? कोणतीही निष्ठा तपासायची, तर मला आजही हाच प्रश्न पुरेसा वाटतो. तुमची निष्ठा कुणाला जेवू घालते, आणि कुणाला उपाशी व अपमानित ठेवते? उत्तर आपापल्या मनाशी शोधावे.

आपला,
प्रमुख धर्मगुरू